वर्सामे अदीर आणि गुलेदच्या चार ओळी

या लेखात पुढे चार ओळी येणार आहेत. त्या गुलेदच्या आहेत. गुलेद, फारहचा मुलगा, नूरचा नातू, टिलबर्गमध्ये खाटीक. मराठी मी केलंय, त्यात काही बिघडलं असेल तर बोल मला लावा. हे सगळं ओळी यायच्या आधी सांगायचं असतं. नंतर सांगितलं तर ती कबुली होते, असं वर्सामे अदीर म्हणायचे. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला आठशे पत्रकं छापावी लागली आणि रॉटरडॅमचे न मोजलेले जिने चढावे लागले.

अदीर म्हणजे सोमाली भाषेत चुलता. वडिलांच्या वयाच्या कुठल्याही पुरुषाला अदीर म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. हे अदीर रॉटरडॅममध्ये ट्रॅम चालवायचे आणि दर बुधवारी दुपारी दोन वाजता आमच्या वस्तीच्या समाजकेंद्रात रॅप शिकवायचे. बुधवारी अशासाठी, की इथल्या शाळा बुधवारी अर्धा दिवसच असतात. त्यांची खोली पूर्वी व्यायामाच्या सामानाची होती. उड्या मारायचा लाकडी घोडा अजून तिथेच होता, कारण तो दारातून बाहेर निघत नव्हता. आत कसा गेला होता, हे कुणालाच सांगता येत नसे. घोड्याच्या पाठीवर अदीरांचा थर्मास असायचा. वेलची-दालचिनी घातलेला दाट दुधाचा चहा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, की तुमच्या लोकांनी चहा आमच्याकडून चोरला. मी चळवळीतली मुलगी, ऐकून कशी घेणार? मी त्यांना इतिहास सुनावला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "बरं, पहिला चहा ज्यानं केला त्या माणसाचं नाव सांग." मला सांगता आलं नाही. "बघ," म्हणाले, आणि कप भरून दिला.

रॅप शिकवणारा माणूस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काय येत असेल, ते पुसून टाका. अदीर बुटके, पन्नाशीचे, ट्रॅमच्या युनिफॉर्ममध्ये, गळ्यात टाय. ड्यूटीवरून थेट यायचे आणि टाय सैलसुद्धा करायचे नाहीत. गळ्यात सोन्याची साखळी नव्हती, चष्म्याची दोरी होती. जन्मतारीख एक जानेवारी. नव्वदच्या दशकात इथं निर्वासित म्हणून आले, तेव्हा त्यांच्याकडे दाखला नव्हता आणि अधिकाऱ्याकडे वेळ नव्हता, म्हणून त्यानं लिहून टाकलं एक जानेवारी. त्यांच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी. "एकच केक," ते म्हणायचे, "पण फटाके सगळा देश उडवतो."

क्लासची रीत अशी. सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. कागद चालणार नाही, फोन चालणार नाही. दोनला दार बंद. मग प्रत्येकानं, एक शब्द रॅप करायच्या आधी, नावं सांगायची. आज तू जे म्हणणार आहेस ते कुणाचं आहे, तुला कुणाकडून मिळालं, त्याला कुणाकडून. गोलात केप व्हर्दे बेटांवरच्या घरांतली पोरं होती, सुरीनामची, कुरासावची, घानाची, इरिट्रियाची. सफाईचं काम संपवून येणाऱ्या दोन बायका होत्या. कुणी म्हणायचं, ही ओळ माझ्या मावशीची, तिला ती बोटीवरच्या स्वयंपाक्यानं दिली. कुणी म्हणायचं, ही माझी स्वतःची, पण चाल आक्रामधल्या एका बस-कंडक्टरची. नावं संपली की दार उघडायचं, आणि उशिरा आलेले आत.

उशिरा येणारी मी. आमच्या भाडेकरू संघटनेचं ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, त्या काचेच्या ऑफिसांच्या गर्दीत एका कोपऱ्यात. तिथून ट्रेन, मग मेट्रो. मी नेहमी दोन वाजून दहा मिनिटांनी बंद दाराबाहेर. म्हणजे मी तिथं जवळपास वर्षभर गेले आणि नावं एकदाही ऐकली नाहीत. हे लक्षात ठेवा. सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

सोमाली माणसाला टोपणनाव दिल्याशिवाय कुणाशी बोलताच येत नाही. लंगड्याला लंगडा, टकल्याला टकला, त्यात कुणाला राग येत नाही म्हणे. माझ्या हातात कायम पत्रकांचा गठ्ठा. भाडेवाढीविरुद्ध, घरं पाडण्याविरुद्ध, कशाच्या ना कशाच्या विरुद्ध. म्हणून मी 'वर्कद' झाले. वर्कद म्हणजे कागद. "कागद आला," ते दार उघडताना म्हणायचे, "गोलात घ्या, पण ओला करू नका."

त्यांचं एक मत होतं, आणि ते त्यांनी ट्रॅमच्या वेळापत्रकासारखं पक्कं धरलं होतं. रॅप कुठे सुरू झाला यावर पोरं भांडायची. अदीर म्हणायचे, कुठेही होऊ दे. आफ्रिकेतून माणसं बोटीत कोंबून नेली आणि पलीकडे उतरवल्यावर त्यांची नावं बदलली. त्यांच्या पणतवंडांच्या हातात माईक आला, तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं? आपलं नाव सांगितलं. मग तो माईक फिरत फिरत परत डाकारला आला, नैरोबीला आला, मोगादिशूला आला, आणि तिथल्या पोरांनीही आधी नाव सांगितलं. "बाकी सगळं म्हणजे ढोल," ते म्हणायचे. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे अभंगातही कवी आपलं नाव घालतो, शेवटच्या ओळीत. त्यांना ते आवडलं, पण पटलं नाही. "शेवटी? आणि मध्येच कुणी उठून गेलं तर?"

ट्रॅममधला किस्सा तर मी तिथे राहायला यायच्या आधीचा, पण वस्तीत अजून सांगतात. मागच्या डब्यात एक पोरगा मित्रांपुढे रॅप करत होता आणि ओळ आपलीच असल्याचा आव आणत होता. अदीरांनी स्टॉपवर ट्रॅम थांबवली, दारं उघडी ठेवली आणि स्पीकरवर जाहीर केलं, की मागे जी ओळ चालू आहे ती घानातल्या एका बाईची आहे, तिचं नाव अमुक, तिच्या आईचं नाव तमुक, आणि त्या तरुणानं हे मान्य केल्याशिवाय पुढचा स्टॉप येणार नाही. त्यानं मान्य केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकानं तक्रार केली. ऑफिसातून ताकिदीचं पत्र आलं. कागद ठेवायची सवय नसल्यामुळे अदीरांनी ते पाठ केलं आणि फेकून दिलं. पुढच्या बुधवारी बीटवर म्हणून दाखवलं, 'आपले वर्तन सेवेच्या मानकांशी विसंगत आहे' वगैरे सगळं. आणि म्हणायच्या आधी रीतीनुसार सांगितलं, की हे शब्द ग्राहक विभागातल्या बाईंचे आहेत, मी फक्त ठेका दिलाय.

आता मंजिरीवहिनींचं सांगते. मंजिरीवहिनी म्हणजे कोथरूडच्या, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागून इथं आल्या. पाच वर्षं घरी बसून डच शिकल्या आणि आता एका माल वाहतुकीच्या कंपनीत पगारपत्रकं करतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. आमच्या मंडळींत मी कुठं राहते हे कळल्यावर लोक आवाज खाली आणून विचारतात, "तिकडे? तिकडे सगळे ते... ते लोक ना?" काळे म्हणायचं असतं, पण हळदीकुंकवाला शोभत नाही म्हणून म्हणत नाहीत. आपल्याला कुणी 'ते लोक' म्हटलं की आपण खवळतो, आणि स्वतः म्हणताना वाटीतली खिरापतसुद्धा सांडत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, म्हणून मला आता बोलवत नाहीत. वहिनींनी मात्र एवढंच म्हटलं, "सई, बघायला तर हवं तू कुठं जातेस ते." आणि एका बुधवारी आल्या.

आल्या म्हणजे गोलात ओढल्या गेल्या. गोलात प्रेक्षक नसतो. काय म्हणू, काय म्हणू, करता करता वहिनींनी मान खाली घालून उखाणा घेतला:

"चांदीच्या वाटीत केशराचा पेढा,
मिलिंदरावांचं नाव घेते, आता वाट सोडा."

मी त्याचा अर्थ सांगितला. बायको यमक जुळवून त्यात नवऱ्याचं नाव गुंफते, मगच तिला घरात घेतात. गोलात खळबळ उडाली. केप व्हर्देच्या घरातली नेल्सा, सतरा वर्षांची, नर्सिंग शिकणारी आणि क्लासमधली सगळ्यात तिखट जिभेची, म्हणाली, "म्हणजे तुमच्या सगळ्या आज्या रॅपर आहेत?" अदीर मात्र गंभीर झाले होते. त्यांनी विचारलं, हे कुणाचं?

वहिनी म्हणाल्या, व्हॉट्सॲपवर आलं होतं.

"व्हॉट्सॲपच्या बापाचं नाव काय?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या.

"ताई, तुमच्या नवऱ्याचं नाव तुम्ही बेवारस ओळीत बसवलंत. उद्या तो हरवला तर शोधायचा कुठे?"

वहिनी तणतणत घरी आल्या. हा कोण मला विचारणारा, म्हणाल्या. तीन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा मोठा आवाज येत होता. पुढच्या बुधवारी दोन वाजायच्या आधी हजर. त्यांनी नावं सांगितली: मी मंजिरी, सुशीलाची मुलगी, द्वारकाबाईंची नात, आणि हे माझंच आहे. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, कारण मी दाराबाहेर होते. दार उघडलं तेव्हा एवढंच ऐकू आलं:

"परमिट त्याचं, घर भाड्याचं, नोकरी आता माझी,
मिलिंद, ऊठ की रे, आज भांड्यांची पाळी तुझी."

अदीर उभे राहिले आणि त्यांनी घोड्यावरचा पहिला चहा वहिनींना दिला. मिलिंददादांना हे कळायला आठवडा लागला. भांडी ते आता घासतात.

आता मूळ गोष्ट. खेमेंटे, म्हणजे आमची नगरपालिका, तिचं पत्र आलं. समाजकेंद्रातली ती खोली 'सर्जनशील उद्योजकांना' द्यायची ठरत होती, म्हणजे लॅपटॉप घेऊन कॉफी पिणाऱ्यांना. रॅपच्या क्लासनं आपली उपयुक्तता लेखी सिद्ध करावी: अभ्यासक्रम, हजेरी, परिणामांचा अहवाल. ज्या शहराच्या उन्हाळी महोत्सवाच्या पोस्टरवर याच पोरांचे फोटो असतात, त्या शहराला यांचा उपयोग कागदावर हवा होता. माझं डोकं फिरलं. अदीरांकडे तर वीस वर्षांत कागदाचा कपटा नव्हता. सगळं तोंडात. सुनावणी होती, त्यात नाव नोंदवलेल्या माणसाला तीन मिनिटं बोलता येणार होतं. मी अदीरांचं नाव नोंदवलं. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "ती खोली गेली तर गोल जाईल. गोल काय, रस्त्यावरही होतो. पण इथल्या रस्त्यावर वारा आहे, नावं ऐकू येत नाहीत."

मग मी माझं काम केलं. पत्रक लिहिलं. चांगलं होतं, आजही म्हणते. वर मथळा, खाली नगरपालिकेची सालटी, आणि मधोमध, चौकटीत, त्या चार ओळी. अदीर दर बुधवारी म्हणायचे त्या. सोमाली कवितेत एक अक्षर धरलं की ते प्रत्येक ओळीत वाजायलाच हवं. त्यांचं अक्षर द होतं, म्हणून मीही द धरलाय:

दारानं देश विचारला, दिला.
दारानं दिवस विचारला, दिला.
दारानं दाखला मागितला, तेव्हा दात दाखवले.
दारा, दुसरं देण्याजोगं दप्तरात दडवलेलं नाही.

पत्रकात हे अदीर म्हणायचे तसं डचमध्ये होतं. खाली मी ठळक टाइपात छापलं: वर्सामे. आठशे प्रती. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या टपालपेट्यांत गेल्या, 'जाहिराती नकोत' असं लिहिलेल्या पेट्यांतसुद्धा. आमची काय जाहिरात होती का?

दुसऱ्या दिवशी अदीर माझ्या दारात. हातात पत्रक, दोन बोटांत धरलेलं, मेलेला उंदीर धरतात तसं.

"हे कुणी लिहिलं?"

मी अभिमानानं म्हटलं, मी.

"या ओळी कुणाच्या?"

"तुमच्या."

ते जिन्यावरच बसले. मग म्हणाले, "या गुलेदच्या आहेत. वीस वर्षं मी त्या म्हणतोय, आणि वीस वर्षं आधी सांगतोय की त्या गुलेदच्या आहेत. तू मला चोर केलंस. तेही गुलेदच्या घरातला चोर. दुसऱ्या कुणाच्या तरी घरात घालायचं होतंस."

गुलेद कोण, ते तेव्हा कळलं. दोघं एकाच वर्षी आले, उत्तरेकडे ग्रोनिंगनच्या पलीकडच्या निर्वासित केंद्रात एकाच खोलीत राहिले, जोडीनं रॅप करायला लागले. एक कॅसेट काढली. आणि अकरा वर्षांपूर्वी टिलबर्गला स्टेजवर, भर कार्यक्रमात, गुलेद एक ओळ विसरला. अदीरांनी ती त्याला सांगितली. बस, एवढंच. गुलेद म्हणाला, मला आठवत होती, तू चारचौघांत मला उघडं पाडलंस, दोन सेकंद तरी थांबायचंस. अदीर म्हणाले, मी चार थांबलो. दोन की चार, यावर अकरा वर्षं बोलणं बंद. तेव्हापासून अदीर बुधवारी सांगायचे, की या ओळी गुलेदच्या, जो गाढव आहे, ज्याला मकरोनी शिजवता येत नाही, जो मांस कमी तोलतो. पण गुलेदच्या. गुलेद मला पहिल्यांदा असा एकेरीत भेटला, म्हणून अजून एकेरीतच आहे.

मी अदीरांशी वाद घातला. लाज वाटते, पण घातला. म्हटलं, आम्ही चळवळीत घोषणा कुठूनही उचलतो. घोषणा कुणाच्या मालकीची नसते, ती सगळ्यांची असते.

"सगळ्यांची म्हणजे जो छापील त्याची," ते म्हणाले. "नगरपालिका तेच म्हणते ना, पोस्टरवर? वर्कद, या देशात सायकल चोरीला गेली तर निदान कालव्यात सापडते. ओळ नाही सापडत."



सुनावणीला नऊ दिवस होते. अदीर म्हणाले, मी येणार नाही, चोराला खोली कशाला. मी म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढते. "आणखी कागद?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो बेत सोडला. मग त्यांनीच ठरवलं. जे कागदानं बिघडलं, ते तोंडानं नीट करायचं. आठशे घरं. ड्यूटी संपली की संध्याकाळी मी आणि ते, दारोदार.

घंटा. दार. "नमस्कार. तुमच्या पेटीत एक कागद आला. त्यातल्या ओळी माझ्या नाहीत. गुलेदच्या आहेत, फारहचा मुलगा, नूरचा नातू. चूक हिची आहे." हिची, म्हणजे मी मागे जिन्यात उभी. लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची.

निम्म्या लोकांनी पत्रक वाचलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका डच आजीबाईंनी, मिफ्राउ म्हणजे श्रीमती, मिफ्राउ दे व्हिट त्यांचं नाव, ते मांजराच्या वाटीखाली घातलं होतं. अदीरांनी मांजर बाजूला करून कागद काढला आणि दुरुस्ती सांगितली. आजी म्हणाल्या, मला तर काही माहीतच नव्हतं. अदीर म्हणाले, मग आधी चुकीचं वाचा, मग मी बरोबर सांगतो. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं. मग विचारलं, "चांगलंय हो. पण हा गुलेद कोण?"

तिथे घोटाळा झाला. प्रत्येक दारात हाच प्रश्न. पहिल्या संध्याकाळी उत्तर होतं, गाढव आहे, टिलबर्गला असतो. दुसऱ्या संध्याकाळी एका तुर्की कुटुंबाला त्यांनी सांगितलं, की मांस कमी तोलतो, पण हाडं काढून देतो. पाचव्या दिवशी एका दारात मी ऐकलं, की निर्वासित केंद्रात पहिल्या हिवाळ्यात दोघांत एकच कोट होता, आणि गुलेद तो अंगात न घालता म्हणायचा, मला उकडतंय. "उणे आठ होतं बाहेर," अदीर म्हणाले, "आणि हा गाढव म्हणतो उकडतंय." मग चष्मा पुसत पुढच्या दाराकडे गेले. तिथे पुन्हा सुरुवात गाढवापासून.

आठशे दारं काही झाली नाहीत. पण ज्या दारांत गेलो, तिथे लोकांनी ओळी पुन्हा म्हणायला लावल्या. पत्रकं वाटून मला जे आयुष्यात कधी जमलं नव्हतं, ते या माणसानं माफी मागून केलं. सुनावणीला सभागृह भरलं. मिफ्राउ दे व्हिट पहिल्या रांगेत. वहिनी आणि मिलिंददादा. बुधवारचा सगळा गोल. आणि मागच्या दारातून एक उंच, रुंद माणूस आत आला, कातडी जाकीट, हातात एक पत्रक. अदीरांचा चेहरा राखेसारखा झाला. कुणी सांगायची गरज नव्हती.

सोमाली लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप नगरपालिकेपेक्षा वेगानं चालतात. गुलेदला पत्रक दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं आणि त्यानं बोलायला नाव नोंदवलं होतं. मला वाटलं, हा उठून म्हणणार, हा माणूस चोर आहे, आणि खोली गेली. अदीर हातांच्या मुठी गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांना खोलीची पडलेलीच नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

अध्यक्षीणबाईंनी नाव पुकारलं. गुलेद माईकपुढे उभा राहिला. पत्रक उंच धरलं.

"हा माणूस," तो म्हणाला, "अकरा वर्षं मला शिव्या देतो. मला प्रत्येक शिवी माहीत आहे, टिलबर्गला पोचते. पण माझ्या नावाशिवाय यानं माझी ओळ कधी म्हटली नाही. तेव्हा हा कागद याचा नाही. कागद कुणाचा आहे?"

सगळ्या सभागृहानं माझ्याकडे पाहिलं. मिफ्राउ दे व्हिटनी तर बोट दाखवलं.

"ठीक," गुलेद म्हणाला. "आता बरोबर ऐका." आणि त्यानं सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. दारानं दाखला मागितला, तेव्हा... आणि थांबला.

विसरला. स्वतःची ओळ. समोर घड्याळ, लाल आकडे उलटे पळतायत. सभागृहात निम्म्या लोकांना पुढचे दोन शब्द येत होते, आम्ही दारोदार जाऊन तेच तर शिकवलं होतं. मिफ्राउ दे व्हिटनी तोंड उघडलं. अदीरांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं, आणि अख्ख्या सभागृहाकडे असं बघितलं, की कुणी श्वास घेतला नाही. त्यांचे स्वतःचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, माणूस आतून फुटायला आलेला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तीस सेकंद उरलेत. अदीर थांबले. गुलेद छताकडे बघत होता. अदीर थांबले.

"दात दाखवले," गुलेद म्हणाला, आणि चौथी ओळ एका दमात.

अदीरांनी श्वास सोडला, तो माईकशिवाय सगळ्यांना ऐकू आला.

त्यांच्या वाट्याच्या तीन मिनिटांत अदीरांनी फक्त नावं सांगितली. वीस वर्षांत त्या खोलीत जी जी माणसं उभी राहिली, त्यांची, आणि त्यांनी कुणाकडून घेतलं त्यांची. एकही चुकलं नाही. वेळ संपल्याचा दिवा लागला तेव्हा ते सातव्या वर्षापर्यंत आले होते. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, हे लेखी मिळेल का? आमच्या बाजूचे सगळे हसले. खोली एका वर्षासाठी मिळाली, अहवालाच्या अटीवर. अहवाल मी लिहिला. अदीर सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यात फक्त नावं आहेत. नगरपालिकेला अजून कळलेलं नाही त्याचं काय करायचं, पण परतही पाठवलेला नाही.

यंदा फेब्रुवारीत अदीर लेस्टरला गेले, कायमचे. त्यांची बायको-मुलं, बहिणी, सगळे कधीच इंग्लंडला गेले होते, एकटे हेच ट्रॅमला चिकटून राहिले होते. मुलीला जुळं झालं तेव्हा सुटले. बस स्लोटरडाइकहून निघणार होती, माझ्या ऑफिसच्या खालून. आदल्या बुधवारी त्यांनी थर्मास माझ्या हातात ठेवला होता आणि सांगितलं होतं, दोनला दार तू बंद करायचं. आत उभं राहून. मी आता एकची ट्रेन धरत नाही, साडेबाराची धरते.

सोडायला मी आणि गुलेद. दोघं फलाटावरही भांडत होते, या वेळी सुनावणीतल्या सेकंदांवरून. अदीर बसमध्ये चढले, खिडकीशी बसले आणि काचेतून मला खूण केली. म्हण. मला कळलं काय ते. मी तिथे, बॅगा ओढणाऱ्या माणसांत, हातात एकही कागद नसताना म्हणाले: या गुलेदच्या आहेत, फारहचा मुलगा, नूरचा नातू, मला त्या वर्सामे अदीरांकडून मिळाल्या. पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. तिसरीत अडकले.

गुलेद शेजारीच उभा. त्याचीच ओळ. त्यानं आकाशाकडे पाहिलं. काचेमागे अदीरांनी ओठ मिटले, टायची गाठ नीट केली आणि माझ्याकडे बघत राहिले. बस सुरू झाली. तरी त्यांनी ओठ हलवले नाहीत. बस वळणावर गेली, त्यांची मान माझ्याकडेच वळलेली, तोंड बंद.

मग मला आठवली. मोठ्यानं म्हणाले. नऊ सेकंद लागले असतील. गुलेद म्हणतो, चौदा.